वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा लाभ सोयाबीनला होणार की तणाला?

काळी_माती (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी वाशीम जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो. खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीचे आंतरपीक, जमिनीत ओल टिकली तर रब्बीत हरभरा, शिवाय घरच्या भाकरीपुरती आणि गुरांच्या कडब्यापुरती ज्वारी, असा आमचा पीकक्रम आहे. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे ही शेतीसाठी आनंदाची बाब आहे, कारण वनस्पती याच वायूपासून आपले अन्न तयार करतात. युरोपातले बागायतदार हा वायू पैसे मोजून विकत घेतात आणि हरितगृहात सोडतात. त्यामुळे हवामानबदलाची भीती शेतकऱ्याने बाळगू नये, असा त्याचा आशय आहे.

हा मजकूर तपासल्याशिवाय मला मान्यही करायचा नाही आणि धुडकावूनही लावायचा नाही. हरितगृहाची गोष्ट खरी असावी. पण माझ्या वावरात सोयाबीन एकटे उभे नसते. त्याच्यासोबत केना, लव्हाळा, हराळी, घोळ आणि धुऱ्यावर गाजर गवत असते, आणि हवा तर सर्वांना सारखीच मिळते. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, आणि डवरणी करावी तर नेमक्या त्याच दिवसांत पावसाची झड लागलेली असते. अशा वेळी हा वायू पिकाबरोबर तणालाही पोसणार असेल, तर शेवटी हाती काय राहील?

दुसरे असे की, माझ्या आजोबांच्या काळी आमच्याकडे ज्वारीचे क्षेत्र मोठे होते आणि सोयाबीन नव्हतेच. या दोन पिकांवर या वायूचा परिणाम वेगवेगळा होतो असे कानावर आले आहे. ते खरे आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


पर्णरंध्र

आपण विचारलेल्या मजकुरातला पहिला भाग खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे २८० पीपीएम होते, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये या वायूचे २८० रेणू. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते, आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. नेदरलँड्समधील काचेच्या हरितगृहांत ते मुद्दाम ८०० ते १००० पर्यंत चढवतात. रॉटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारा वायू तिथे नळाने बागायतदारांपर्यंत पोहोचवला जातो आणि पीक खरोखरच अधिक येते.

मात्र त्या हरितगृहात पाणी मुळाशी मोजून दिले जाते, खत पाण्यातून रोज मिळते, तापमान काबूत असते आणि तण उगवतच नाही. बाकी सगळे पोटभर मिळत असल्यामुळे उणीव उरते ती एकट्या कार्बनची, आणि ती भरून काढली की वाढ लगेच दिसते. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेला नियम हेच सांगतो की, ज्या घटकाची टंचाई सर्वांत तीव्र असते तोच वाढीची मर्यादा ठरवतो. कोरडवाहू वावरात ही टंचाई कधी पाण्याची असते, कधी नत्राची, कधी स्फुरदाची. कार्बनचा क्रम बराच मागे लागतो.

आता सोयाबीन आणि ज्वारी यांच्याविषयी. वनस्पती हवेतला कार्बन पकडतात तो रुबिस्को नावाच्या विकराच्या साहाय्याने. या विकराची अडचण अशी आहे की तो कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांच्यात नीट भेद करू शकत नाही. चुकून ऑक्सिजन पकडला की ती चूक निस्तरण्यात वनस्पतीची ऊर्जा खर्च होते आणि आधी कमावलेला काही कार्बनही परत हवेत जातो. या प्रक्रियेला प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान वाढते तसे प्रकाशश्वसनही वाढते, आणि उबदार हवामानात कमाईचा साधारण पाव हिस्सा त्यात जाऊ शकतो. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, गहू, भात या सर्व वनस्पती सी-३ गटातल्या असून त्यांना हा तोटा सोसावा लागतो. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की रुबिस्कोच्या हाती ऑक्सिजन कमी वेळा लागतो आणि तोटा घटतो. सी-३ पिकांना वाढीव वायूचा जो फायदा होतो त्याचे मुख्य कारण हेच आहे.

ज्वारी, बाजरी, मका, नाचणी आणि ऊस ही सी-४ गटातली पिके आहेत. हवाईमध्ये उसावर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलेली आणि ऑस्ट्रेलियातील हॅच व स्लॅक यांनी १९६६ च्या सुमारास उलगडून दाखवलेली त्यांची रीत निराळी आहे. या वनस्पती कार्बन आधी चार कार्बनी आम्लाच्या रूपात पकडतात आणि पानाच्या शिरांभोवतालच्या खास पेशींत नेऊन सोडतात. तिथे रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड इतका दाटलेला असतो की ऑक्सिजनला फारसा वाव उरत नाही. त्यामुळे बाहेरच्या हवेत हा वायू वाढला तरी ज्वारीच्या प्रकाशसंश्लेषणात थेट भर फारशी पडत नाही.

हे केवळ प्रयोगशाळेतले अनुमान नाही. उघड्या शेतात, पिकाभोवती नळ्यांचे कडे करून वायू सोडण्याचे प्रयोग गेली तीन दशके अमेरिका, जपान, चीन, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात झाले आहेत. आपल्याला सर्वांत जवळचा प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचा, कारण तो सोयाबीनवरच आहे आणि २००१ पासून चालू आहे. या सगळ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा असे सांगतो की, हवेतले प्रमाण सुमारे २०० पीपीएमने वाढवले आणि पाणी व नत्र पुरेसे दिले, तर सी-३ पिकांचे उत्पादन सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढते. सी-४ पिकांचे, दुष्काळ नसेल तर, वाढत नाही. बंदिस्त कक्षांतल्या जुन्या प्रयोगांत याहून बरीच मोठी वाढ दिसली होती, पण उघड्या शेतात ती जवळपास निम्मीच भरली. फिरणाऱ्या मजकुरांत बहुधा ते जुने, मोठे आकडे असतात.


निंदण_खुरपण

पर्णरंध्र यांनी पिकाची बाजू मांडली. मी तणाची मांडतो, कारण माझे काम तणनियंत्रणाचेच आहे.

या विषयात एक जुना, दिलासा देणारा युक्तिवाद आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी मानल्या गेलेल्या १८ तणांपैकी १४ तणे सी-४ गटातली आहेत आणि बहुतेक पिके सी-३ गटातली. तेव्हा वायू वाढला की पारडे आपोआप पिकाकडे झुकेल, असे तो सांगतो. आपल्या यादीतले लव्हाळा, हराळी आणि घोळ हे तिन्ही सी-४ आहेत. त्यामुळे सोयाबीनच्या बाजूने हा युक्तिवाद काही अंशी लागूही पडतो, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण केना सी-३ आहे, आणि वावरातली लढाई जागतिक यादीशी नसून समोर उगवलेल्या तणाशी असते. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या लुईस झिस्का यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या प्रश्नावर फार बोलका वाटतो. त्यांनी सोयाबीनच्या ओळींत दोन प्रकारची तणे वाढू दिली. एक होते आपण ज्याची भाजी करतो ते चाकवत, जे सी-३ आहे. दुसरे माठाच्या कुळातले सी-४ तण. आजच्या हवेत चाकवतामुळे सोयाबीनचे उत्पादन २८ टक्क्यांनी घटत होते, ते वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये ३९ टक्क्यांनी घटले. माठवर्गीय तणामुळे होणारी घट मात्र ४५ वरून ३० टक्क्यांवर उतरली. पीक तेच आणि हवाही तीच, पण शेजारी कोणते तण उभे आहे त्यावर निकाल उलटा झाला. म्हणून आपल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. ज्या वावरात लव्हाळ्याचा जोर आहे तिथे सोयाबीनला थोडी उसंत मिळू शकते. जिथे केन्याने ठाण मांडले आहे तिथे ती मिळण्याची आशा धरू नये.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. आपण पेरतो ते बियाणे एकसारखे असते, कारण एकसारखेपणासाठीच ते निवडलेले असते. एकाच वेळी फुलणारे, एकाच उंचीचे, एकाच वेळी काढणीला येणारे पीक आपल्याला हवे असते. तणाच्या बाबतीत अशी निवड कोणी केलेली नाही. एका वाफ्यातल्या केन्याच्या शंभर रोपांत जितकी विविधता असते तितकी अख्ख्या शिवारातल्या सोयाबीनच्या एका वाणात नसते. परिस्थिती बदलली की त्या शंभरांतली जी रोपे तिचा लाभ घेऊ शकतात ती अधिक बी टाकतात आणि पुढच्या हंगामात तीच पुढे असतात. झिस्का यांनीच भात आणि रानटी भात यांची तुलना केली तेव्हा, दोन्ही सी-३ आणि एकाच जातीचे असूनही, वाढीव वायूचा लाभ रानटी भाताने अधिक घेतला. पीक आणि तण यांचा गट एकच असला म्हणजे सामना बरोबरीचा होतो, असे नाही.

गाजर गवताविषयी आपण लिहिले आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदले गेलेले हे मेक्सिकोकडचे तण आज देशभर पसरले आहे. त्याची रचना मुख्यतः सी-३ असली तरी त्यात सी-४ कडे झुकणारी काही लक्षणे आढळतात, म्हणून त्याला सरसकट एका रकान्यात बसवता येत नाही. अमेरिकेत रॅगवीड नावाचे त्याचे जवळचे नातलग तण आहे. त्याला औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या हवेत आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या हवेत वाढवून पाहिले असता परागकणांचे प्रमाण दुपटीहून अधिक झालेले दिसले. तोच आकडा गाजर गवताला लावणे बरोबर होणार नाही, पण धुऱ्यावरच्या या तणाने ज्यांच्या घरात अंगावर खाज आणि दम्याचा त्रास आणला आहे त्यांनी ते फुलण्याआधी उपटण्याचा आळस करू नये.


कृष्णाकाठ

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु त्यांचा सूर मला गरजेपेक्षा अधिक सावध वाटतो. उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पृथ्वीवरील वनस्पतींनी झाकलेल्या भूभागापैकी २५ ते ५० टक्के भाग अधिक हिरवा झाल्याचे दिसले, आणि त्यातील सुमारे ७० टक्के वाढीचे श्रेय संशोधकांनी वाढत्या कार्बन डायऑक्साइडला दिले. त्यानंतर २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात या हिरवेपणात चीन आणि भारत आघाडीवर असल्याचे दिसले. प्रत्यक्ष जमिनीवर हे घडत असताना आपण केवळ तोट्यांचीच यादी का करावी? शेतकऱ्याला आधीच वाईट बातम्या कमी नाहीत.


पर्णरंध्र

कृष्णाकाठ यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे बरोबर आहेत आणि चर्चेत ती यायलाच हवी होती. मात्र २०१९ च्या त्याच अभ्यासात भारतातील हिरवेपणाचा बहुतांश भाग पिकांखालच्या जमिनीचा आहे असे म्हटले आहे. एकाच जमिनीतून वर्षाला दोन-तीन पिके घेणे, विहिरी व कूपनलिकांचे पाणी आणि खते यांचा त्यात मोठा वाटा आहे. उपग्रहाला उन्हाळ्यात हिरवे दिसणारे वावर पूर्वी उन्हाळ्यात पडीक असे. तिथे आता पाणी उपसून पीक घेतले जाते. याचे श्रेय हवेला देता येणार नाही. शिवाय उपग्रह पानांचे क्षेत्रफळ मोजतो. शेंगेत दाणे किती भरले, हे त्याला त्यावरून कळत नाही, आणि ती हिरवळ पिकाची आहे की गाजर गवताची, हेही नेहमी कळत नाही.

लाभ किती काळ टिकतो हाही प्रश्न आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे गवताळ जमिनीवर वीस वर्षे चाललेल्या प्रयोगात पहिली बारा वर्षे पाठ्यपुस्तकाप्रमाणे सी-३ गवतांना वाढीव वायूचा फायदा झाला आणि सी-४ गवतांना झाला नाही. पुढच्या आठ वर्षांत मात्र हे चित्र उलटले, आणि त्याचा संबंध जमिनीतून मिळणाऱ्या नत्राशी असल्याचे दिसले. पेरणी, खत आणि काढणी असलेल्या शेताला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही सी-३ आणि सी-४ ही विभागणी हवेपुरती पाहून भागत नाही, तिच्या खाली जमीनही आहे, हे त्यातून स्पष्ट होते.


काळी_माती (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ यांचा मुद्दाही मला आवश्यक वाटला, कारण आमच्या गटावर हाच युक्तिवाद अधिक प्रभावी ठरतो. आता दोन शंका विचारतो. आमच्याकडे ऑगस्टमध्ये, सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असताना, पावसाचा खंड पडतो आणि तिथेच वर्षाची कमाई ठरते. वायू वाढला की झाडाला पाणी कमी लागते असे त्या मजकुरात लिहिले होते. तसे असेल तर खंडाच्या काळात तो आम्हाला तारेल का? आणि दुसरे, निंदणीला माणसे नसल्यामुळे आम्ही तणनाशकावर विसंबून राहू लागलो आहोत. बदलत्या हवेत त्या औषधांचा परिणाम तसाच राहील का?


पर्णरंध्र

पाण्याविषयीचा दावा तत्त्वतः खरा आहे. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. हवेत वायू अधिक असला की रंध्रे कमी उघडी ठेवूनही झाडाचे भागते. शेतातील प्रयोगांत रंध्रांची ही उघडझाप सरासरी २० टक्क्यांहून थोडी अधिक आकसलेली दिसली आहे. ज्वारीला वाढीव वायूचा जो लाभ होतो तो या मार्गानेच. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील मॅरिकोपा येथे ज्वारीवर झालेल्या प्रयोगात भरपूर पाणी दिलेल्या वाफ्यांत फरक पडला नाही, पण पाण्याचा ताण दिलेल्या वाफ्यांत ज्वारी वाढीव वायूमुळे अधिक तग धरून राहिली. जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे मक्याबाबतही तसेच दिसले. म्हणजे हवामानबदलाच्या हिशेबात ज्वारीला काहीच मिळत नाही असे मानू नये. तिला ते सुकाळात मिळत नाही, दुष्काळात मिळते.

सोयाबीनच्या बाबतीत मात्र निकाल अपेक्षेच्या उलट लागला, आणि आपल्या भागासाठी तो फार महत्त्वाचा आहे. इलिनॉय येथे आठ वर्षे चाललेल्या अभ्यासात काही वाफ्यांवर पडणारा पाऊस अडवून मुद्दाम कोरडेपणा निर्माण केला गेला. ज्या वर्षी पाऊस चांगला झाला त्या वर्षी वाढीव वायूचा फायदा दिसला. दुष्काळ जसजसा तीव्र होत गेला तसतसा तो कमी होत अखेर शून्यावर आला. रंध्रे आकसल्यामुळे पाणी वाचेल आणि खंडाच्या काळात ते उपयोगी पडेल, ही अपेक्षा फोल ठरली. हंगामाच्या सुरुवातीला पाणी मुबलक असताना वाढीव वायूमुळे झाडाचा पसारा वाढतो, आणि मोठ्या पसाऱ्याला पुढे पाणीही अधिक लागते. शिवाय आकसलेल्या रंध्रांतून बाष्प कमी निघाल्यामुळे पान थंड राहत नाही आणि पिकाचा माथा अधिक तापतो. ऑगस्टचा खंड म्हणजे उघडे आकाश, कोरडा वारा आणि तापलेली जमीन. नेमक्या त्या दिवसांत वाढीव कार्बन डायऑक्साइड सोयाबीनला तारेल असे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. आणि हाच वायू तापमान वाढवतो, पावसाचे वेळापत्रक विस्कटण्यासही कारणीभूत होतो. फिरणाऱ्या मजकुरात जमेची बाजू तेवढी सांगितली आहे आणि खर्चाची बाजू वगळली आहे, ही माझी त्यावरची मुख्य तक्रार आहे.

सोयाबीनच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र मिळवणाऱ्या द्विदल पिकांना वाढीव कार्बनचा वापर करण्यात गहू-भातापेक्षा अधिक वाव असतो, कारण वाढीबरोबर लागणारे जास्तीचे नत्र ती स्वतः मिळवू शकतात. पण या गाठी कोरड्या जमिनीत लवकर काम थांबवतात आणि पाणी साचलेल्या जमिनीतही गुदमरतात. म्हणजे इथेही अखेरचा शब्द पाण्याचाच.


निंदण_खुरपण

तणनाशकाच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. अमेरिकेत ज्याला कॅनडा थिसल म्हणतात त्या बहुवर्षायू, जमिनीखाली मुळांचे जाळे पसरणाऱ्या सी-३ तणावर ग्लायफोसेट या तणनाशकाचा प्रयोग झाला आहे. वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढलेल्या तणाचा वरचा भाग फवारणीने मेला, पण जमिनीखालचा भाग इतका वाढलेला होता की औषध तिथे पुरेसे पोहोचले नाही आणि तण पुन्हा फुटले. आपल्याकडे याच्याशी जुळणारी अडचण लव्हाळ्याच्या गाठींची आणि हराळीच्या काशांची आहे. ती दोन्ही सी-४ असल्यामुळे निष्कर्ष तसाच्या तसा लावता येणार नाही, पण ज्या तणाचे भांडवल जमिनीखाली आहे त्याला केवळ पाने जाळून संपवता येत नाही, हे आज आपण पाहतोच, आणि हवा बदलल्यावर ते सोपे होण्याची शक्यता मला दिसत नाही. शिवाय पान जाड झाले, रंध्रे आकसली की औषध आत शिरण्याचे प्रमाण बदलू शकते. म्हणून एकाच औषधाची मात्रा वाढवत नेणे हा मार्ग नव्हे. उगवणीपूर्व औषध, त्यानंतर वेळेवर एक डवरणी आणि मग गरजेपुरते निंदण, असा मेळ घालावा लागेल. सोयाबीन आणि तण यांची खरी स्पर्धा पेरणीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत असते. तेवढ्या काळात वावर स्वच्छ राहिले तर पुढे पिकाची सावलीच बरेचसे काम करते.

किडींबद्दलही लिहितो, कारण तो धागा अजून कोणी हाती घेतलेला नाही. इलिनॉयच्या त्याच प्रयोगात वाढीव वायूतल्या सोयाबीनची पाने भुंगेरे अधिक खातात असे दिसले. पानात साखर वाढली होती आणि किडीला रोखणारी रसायने तयार करण्याची झाडाची यंत्रणा मंदावली होती. आपल्याकडच्या चक्री भुंग्याला किंवा उंटअळीला हे जसेच्या तसे लागू होईल असे मी म्हणत नाही, परंतु भरगच्च दिसणारे पीक किडीला अधिक रुचते हे ध्यानात ठेवून पाहणी वाढवावी.


पोषण_आणि_धान्य

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे या चर्चेत सुटलेली एक बाजू जोडावीशी वाटते. दाणा किती आला याबरोबर दाण्यात काय आले हेही पाहिले पाहिजे. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील उघड्या शेतांतल्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या शतकाच्या मध्याच्या सुमारास अपेक्षित असलेल्या, म्हणजे ५५० पीपीएमच्या आसपासच्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्के, लोह ५ टक्के आणि प्रथिने ६ टक्के कमी भरली. भातातही प्रथिने, लोह आणि जस्त घटले. पुढे २०१८ मध्ये भाताच्या अठरा वाणांवर झालेल्या अभ्यासात ब वर्गातली काही जीवनसत्त्वेही कमी झालेली आढळली.

हे आकडे लहान वाटू शकतात. ज्या घरात डाळ, दूध, भाजी आणि अंडी पुरेशी असतात तिथे ते लहानच आहेत. पण रेशनच्या गहू-तांदळावरच ज्यांचे पोट भरते, आणि ज्या बायकांच्या रक्तात आधीच लोह कमी आहे, त्यांच्या ताटातून ही घट भरून काढायला दुसरे काही नसते. आपल्या राज्यातल्या आदिवासी पाड्यांवर मी ज्या गरोदर बायकांना भेटते त्यांच्याबद्दल मी हे लिहिते आहे. त्यांच्यासाठी पाच टक्के ही किरकोळ बाब नाही.

ज्वारी, बाजरी, मका यांसारख्या सी-४ धान्यांत मात्र ही घट फारच कमी दिसते. म्हणून प्रश्नकर्त्यांनी आजोबांच्या ज्वारीचा जो उल्लेख केला तो मला जुन्या आठवणींपुरता वाटत नाही. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आलेला अधिक लोहयुक्त बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण आपल्याकडे उपलब्ध आहे. विकायला काहीही पिकवा, पण घरच्या खाण्यापुरते ज्वारी-बाजरीचे क्षेत्र मोडू नका, असे मी आग्रहाने सांगेन.


पर्णरंध्र

पोषणाच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. वाणांविषयी एक गोष्ट राहिली होती, ती लिहितो. वाढीव कार्बनचा लाभ सर्व वाण सारखा घेत नाहीत. जपानमध्ये त्सुकुबा येथील प्रयोगात ‘ताकानारी’ या अधिक दाणे धरणाऱ्या भाताच्या वाणाने, तिथल्या लोकप्रिय ‘कोशिहिकारी’ वाणापेक्षा वाढीव वायूचा फायदा ठळकपणे अधिक घेतला. पानाने जास्त साखर तयार केली तरी ती भरायला दाण्यांची पुरेशी जागा नसेल तर झाड प्रकाशसंश्लेषणच मंद करते, असे त्याचे कारण आहे. सोयाबीनच्या वाणांची निवड करताना या गुणाकडे पैदासकारांनी लक्ष द्यावे, आणि ती चाचणी भरपूर पाणी देऊन न करता, मुद्दाम खंड पाडून विदर्भ-मराठवाड्याच्या जमिनीत व्हावी. आपल्या देशात हैदराबादची कोरडवाहू शेती संशोधन संस्था आणि जबलपूरचे तण संशोधन संचालनालय यांच्याकडे वाढीव वायूवर प्रयोग करण्याची सोय आहे. तिथल्या कामात आपल्या पिकांचा आणि तणांचा वाटा वाढवण्याची मागणी शेतकरी गटांनी करायला हवी.


निंदण_खुरपण

काळी_माती यांना एक व्यवहार्य सूचना करतो. वावराच्या एका कडेला सोयाबीनच्या चार-सहा ओळींचा एक पट्टा दर हंगामात न निंदता ठेवा आणि पेरणीनंतर तीस व साठ दिवसांनी त्यात कोणते तण किती आहे याची वहीत नोंद करा. पट्टा तोच ठेवू नका, नाहीतर तिथे तणाच्या बियांचा साठा होईल; जागा बदलत राहा, आणि साठ दिवसांची नोंद झाल्यावर बी धरण्याआधी तो स्वच्छ करून घ्या. त्या वर्षीचा पाऊस आणि खंडाचे दिवसही शेजारी लिहा. लव्हाळा मागे पडून केना वाढतो आहे असे सलग काही हंगाम दिसले, तर तणनाशकाची निवड आणि डवरणीची वेळ दोन्ही बदलावी लागतील, आणि तो निर्णय तुम्हाला कोणाच्या मजकुरावर विसंबून न राहता स्वतःच्या वहीवरून घेता येईल. ही नोंद येथे टाकलीत तर तुमच्यासारख्याच जमिनीतल्या इतरांनाही ती ताडून पाहता येईल.


काळी_माती (प्रश्नकर्ता)

येत्या खरिपापासून तसा पट्टा ठेवतो. तुरीच्या ओळींत आणि निव्वळ सोयाबीनमध्ये तण वेगळे उगवते असे आम्हाला नेहमी वाटत आले आहे, म्हणून पट्टे दोन ठेवीन, एक आंतरपिकात आणि एक निव्वळ सोयाबीनमध्ये. ज्वारीचे क्षेत्र कमी करण्याचा विचार घरात चालू होता; पोषणाविषयीचा प्रतिसाद मी घरी वाचून दाखवला आहे आणि ते क्षेत्र तसेच ठेवण्याचे ठरले आहे.